भाकर नको, दुःख पायजे?

खोडाळ्याच्या वहिनी, गुडघा कसा आहे?
जव्हारचे गुरुजी, साखर उतरली का?
बाळू, खोकला गेला, की बिडी अजून चालूच?

मी बरा नाही.
सुजाताताई जाऊन आज वर्ष झालं. आणि वर्षभर मी एका बाईपासून ते लपवलं.

ताई जव्हारच्या दवाखान्यात क्लिनिकल सोशल वर्कर. गोळीने न उतरणारं दुःख ऐकायची नोकरी. मी तिचा जीपवाला. सातवी पास, पण गाडीत ऐकून ऐकून रॅपो म्हणजे विश्वास जोडणं, बाउंड्री म्हणजे अंतर राखणं, सगळं पाठ.

पोशेऱ्याची हिरूबाई. लेक साप चावून गेली, तेव्हापासून बोलणं बंद, जेवण नावाला. नुसती वाळत चाललेली.

पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "कॉन्फिडेन्शियालिटी हवी. आम्हाला दोघींनाच बसू द्या."
अख्खा पाडा दाराला टेकून बसला.
सासू म्हणाली, "कोनी आयकू नाय म्हनून राखन करतो ना!"

मग सासूने नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी आणली.
ताई म्हणाली, "नको आजी. क्लायंटकडे खायचं नसतं. बाउंड्री असते."
म्हातारी कडाडली, "आमची भाकर नको, दुःख तेवढा पायजे काय?"

मी हळूच म्हटलं, "ताई, बाउंड्री जव्हारला ठेवा. इथे हात धुवा."

ताईने पहिला घास घेतला.
डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, वर उचकी.
आणि कोपऱ्यातून आवाज आला, "अगो, पानी द्या तिला. मरंल ती."
हिरूबाई!
नंतर दोन तास ती बोलत होती. मधे फक्त ताईची उचकी.

परतताना ताई म्हणाली, "काका, फाइलमध्ये उपचार काय लिहू?"
"मिरची."
तिने खरंच लिहिलं. दवाखान्याच्या साहेबांनी बोलावून झापलं.

पुढे हिरूबाई जेवू लागली. केस बंद करायची, तर ताईने महिनाभर आधीच सांगितलं, दर खेपेला सांगितलं. "काका, टर्मिनेशन अचानक करायचं नसतं. माणसाला निरोपाची तयारी करू द्यायची."

आणि स्वतः? सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं.
नियम दुसऱ्यांना शिकवायचे, होय ना ताई?

हिरूबाई बाजारात भेटली की विचारायची, "बाय कशी हाय?" मी म्हणायचो, "बरी." ती परत गप्प झाली तर?

आज धीर करून पोशेऱ्याला गेलो. उंबऱ्यातच उभा राहिलो.
हिरूबाईने तोंडाकडे बघितलं. ताट आणून ठेवलं.
"खा आधी. मंग बोल."

चटणीत मिरची नव्हती. रडायला बहाणासुद्धा ठेवला नाही बाईने.

मी बोललो. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला कवाच समजला होता. तू सांगशील म्हनून थांबले."

ताई, तुझी केस पक्की बरी झाली. आता तीच मला बघते. निघ आता. सुखाने जा.

बाकीच्यांनो, तब्येत लवकर लिहून कळवा. "मजेत" लिहिलंत तर भाकर घेऊन येईन. चटणीसकट.