भोईरदादांचा विषय मी ‘तक्रारी’त टाकला

गेल्या रविवारी चिंचोटीला एक प्रकार झाला. चूक माझी होती, म्हणून मीच लिहितो... उगाच मागे कुजबुज नको.

नवीन मंडळींसाठी सांगतो. आपल्या वसई-विरारच्या या ऑनलाइन फोरमवर आलेले विषय योग्य त्या विभागात लावायचं काम माझ्याकडे आहे. कुणी लाइट गेल्याचं पाककृतींत लिहितं, कुणी भाड्याने फ्लॅट पाहिजे म्हणून अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलांखाली विचारतं. रोज सकाळी दुकान उघडलं की झाडू मारावा तसा मी फोरमही झाडतो. हे इकडे, ते तिकडे.

मला त्याचा थोडा गर्व होता, लपवत नाही. विरारला आलो तेव्हा हातात एक स्क्रू ड्रायव्हर होता. रेडिओ दुरुस्त करत करत टीव्हीवर आलो, टीव्हीवरून कॉम्प्युटरवर. मशीन चालू केलं की नुसत्या पंख्याच्या आवाजावरून सांगतो काय बिघडलंय... मग माणसाचं पहिलं वाक्य वाचून त्याचा विषय कुठे लावायचा, यात काय मोठं?

आता भोईरदादा. राहायला चिंचोटीला, कामणला झेरॉक्सचं दुकान, तिथल्याच कॉम्प्युटरवरून लिहितात. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर माणसं लोटली की यांचं सुरू. बाटल्या टाकल्या, शेतातून गाड्या घातल्या, येऊ नका. दर आठवड्याला एक विषय... आणि दर आठवड्याला मी तो ‘तक्रारी’त सरकवतो. तिथे फक्त तक्रार करणारेच जातात, तेही आपलीच वाचायला.

शनिवारी संध्याकाळी दादांनी ‘सहली’ विभागात नवा विषय काढला. पहिलं वाक्य, ‘उद्या कोनी वर येऊ नका.’ मी पुढे वाचलंच नाही. उचलला, ‘तक्रारी’त टाकला आणि शटर ओढलं.

रविवारी आपल्या फोरमची सहल होती. चिंचोटीलाच! सहली नेणारे मायकल सर नऊ जणांना घेऊन सकाळी सातला वसईहून निघाले. त्यात माझी मुलगी मधुराही होती. मी सोडत नव्हतो, पण ‘सर आहेत ना’ म्हणून आईला पटवून गेलेली. निघण्याआधी सरांनी ‘सहली’ विभाग चाळला होता. तिथे काहीच नव्हतं... असणार कसं?

मी दुकानात चहा घेताना सहज ‘तक्रारी’ उघडलं आणि दादांचं बाकीचं वाचलं. ‘वरच्या रानात दोन दिवस पाऊस थांबला नाय. कुंडाचं पानी कालपासून मातकट झालंय. असं झालं की लोंढा येतो, आणि तो सांगून येत नाय.’

हातातला कप कुठे ठेवला आठवत नाही. मधुराचा मोबाइल लागेना, सरांचाही लागेना. डोंगराखाली रेंज नसते हे काय मला माहीत नव्हतं? तरी लावत राहिलो. मग घरी काहीच न कळवता स्कूटर काढली. हायवेभर डोक्यात एकच... तो विषय होता तिथेच राहू दिला असता तर?

गावात डांबरी संपते, तिथून रानातली पायवाट सुरू होते. स्कूटर बंद केली आणि आधी ऐकू आलं ते मधुराचं हसणं. स्कूटर तिथेच सोडून आवाजाकडे धावलो.

पायवाटेच्या तोंडाशीच भोईरदादांचं घर. त्यांच्या पडवीत दहाच्या दहा जण बसलेले, कोरडे ठणठणीत, पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. वाटेवर एक बाकडं आडवं टाकलेलं आणि त्यावर स्वतः दादा.

मायकल सर हात वर करून म्हणाले, "अरे, हे गृहस्थ वर सोडेनातच! म्हणे माझी तक्रार करा, पण आधी भाकरी खा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "या मालक. दुकान बंद करताना बघितलं, माझा विषय परत तुमी हलवलेला. म्हटलं, आता कोन वाचनार? मग सकाळपासून मीच येऊन बसलो. विषय हलवलात, आता मला हलवून दाखवा."

मधुरा विचारत होती, "पप्पा, तुम्ही इथे? मग दुकानात कोण आहे?" तिला काहीच पत्ता नव्हता.

अर्ध्या-पाऊण तासाने घरासमोरच्या ओढ्याचा आवाज बदलला. खळखळ होती, तिची घरघर झाली. मी कान टवकारले, तोवर दादा उठून उभे राहिले होते. तांबडं पाणी अख्ख्या फांद्या घेऊन समोरून जायला लागलं... सरांनी क्रुसाची खूण केली. मी मधुराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एरवी झटकते तसा तिने तो झटकला नाही.

रोज कुरकुर करणाऱ्या माणसाच्या आवाजाची आपल्याला सवय होते. मग तो काय सांगतोय, ते आपण ऐकायचंच सोडून देतो. कानांचा एवढा तोरा मिरवणाऱ्या माझं नेमकं हेच झालं.

परत आल्यावर पहिलं काम केलं. ‘आज चिंचोटीला जायचं का?’ असा विषय फोरमच्या अगदी वर चिकटवला. त्यात लिहिणार फक्त भोईरदादा. शिवाय विषय लावायच्या कामात मला मदत कराल का, असंही त्यांना विचारलं. लगेच हो म्हणाले. अट एकच... "पयला तुमचा विषय मी लावनार."

तर मंडळी, हे मी ‘अनुभव’ विभागात टाकतोय. तुम्हाला ‘तक्रारी’त सापडलं तर समजून जा कोणी हलवलं. मी ते परत आणणार नाही... दादांनी ठेवलंय, तिथेच राहू दे.