आत्याची चाल

चहा पिण्याआधी तो कपाला टिचकी मारायचा. कान कपाजवळ नेऊन आवाज ऐकायचा आणि मगच पहिला घोट घ्यायचा. भरलेल्या कपाचा सूर खालचा असतो, चहा संपत जातो तसा तो चढतो, म्हणून मध्येमध्येही टिचक्या चालूच. "कप आहे तो, दारावरची घंटा नव्हे," बायको म्हणायची. घरात त्याचं नावच टिचकी पडलं होतं. मोठी बहीण तेवढी अजून 'बाळ' म्हणायची, पन्नाशीच्या आणि टक्कल पडलेल्या बाळाला.

साबण, पंखे, गुडघ्याचं मलम असल्या जाहिरातींना चाली लावण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. तेवढ्यात हा चित्रपट आला. बदकांच्या एका कुटुंबाची धमाल, सगळी हातानं रेखाटून हलती केलेली. दिग्दर्शिका वयानं लहान आणि हट्टाची पक्की. "वाद्यं नकोत, दादा. घरात जे सापडेल ते वाजवा," ती म्हणाली. त्याच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. बाबा-बदकासाठी सायकलचा पंप, आईसाठी कागद लावलेला कंगवा, पिल्लांसाठी औषधाच्या रिकाम्या बाटल्या. रबरी हातमोजा फुगवून सोडला की निघणाऱ्या आवाजावर त्यानं अख्खं भांडण बसवलं. बायकोला भांडी घासायला हातमोजे उरले नाहीत.

मग एक दिवस फोनवर निरोप आला : 'आत्याची चाल उद्यापर्यंत हवी.'

त्यांना हवा होता आत्या-बदकाच्या चालण्याचा आवाज, सपाता फटफटवत येण्याचा. चाली लावण्यात जन्म गेलेल्या माणसानं मात्र तो शब्द आपल्या पद्धतीनं वाचला आणि दिवसभर बसून आत्यासाठी सुरांची चाल बांधली. तेलाच्या मोठ्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून तोच एक सूर तीनदा, अडखळत. मग एक छोटा श्वास. आणि पुढचा सूर आता फुटणार एवढ्यात बाबा-बदकाचा पंप भुस्सकन मध्ये घुसतो आणि गाणं पळवून नेतो.

स्टुडिओत सगळे पोट धरून हसले. "दादा, मी सपाता मागितल्या होत्या, तुम्ही अख्खी आत्या दिलीत!" दिग्दर्शिका म्हणाली. तिनं आत्याची चित्रं नव्यानं काढून घेतली. आता आत्या जिथे येई तिथे चोच तीनदा उघडे आणि पंपानंतर गप्पकन मिटे.

घरी त्यानं कौतुकानं लेकीला ऐकवलं. ती आधी खळखळून हसली, मग एकदम थांबली.

"बाबा, ही आपली आत्या आहे."

"बदकाची आत्या आहे ती."

"नाही. आपली. ती 'द-द-दार लाव' म्हणते ना, तशी. आणि तो पंप म्हणजे तुम्ही."

त्यानं पुन्हा ऐकलं. शब्द फुटण्याआधी ताई घेते तो श्वाससुद्धा जिथल्या तिथे होता.

ताई लहानपणापासून बोलताना अडखळायची. दुकानात, पाहुण्यांत, फोनवर तिचा शब्द अडला की हा तो पुरवायचा. "बहिणीला केवढा आधार आहे याचा," असं लोक म्हणायचे आणि त्यालाही ते खरं वाटायचं. एखाद्याच्या तोंडचा घास काढणं पाप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडचा शब्द काढण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

त्यानं घाईनं दुसरी चाल बांधली. दिग्दर्शिकेनं ती शेवटपर्यंत ऐकली. "छान आहे. पण आत्या कुठंय यात?" बदलायचं कारण सांगावं तर बहिणीला पुन्हा एकदा लोकांपुढे उभं करणं, न सांगावं तर तीच चाल गावभर वाजणार. आपलेच दात नि आपलेच ओठ. तो दुसरी चाल तशीच घेऊन परतला. त्या दिवशी चहा समोर निवत राहिला, त्यानं कपाला हात लावला नाही.

चित्रपट लागायच्या आधी ताईला आपण स्वतः सांगायचं, एवढं तरी करायचं, म्हणून तो तिच्या दुकानात गेला. ती पडदे शिवायची. तोंडात टाचण्या धरून ती एका भल्यामोठ्या निळ्या पडद्याला दुमड घालत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि फोन तिच्या कानाशी धरला. तिनं टाचण्या काढून ठेवल्या.

"पु-पुन्हा लाव."

त्यानं लावलं.

"ही मी," ती म्हणाली. "ही क-कसली रे चाल तुझी?"

"मला कळलंच नव्हतं गं ताई. शप्पथ."

"तेच तर. इतकी वर्षं तू क-क—"

"कळत नाही मला," तो म्हणाला.

"कधी थांबलाच न-नाहीस, असं म्हणत होते." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "बघ. आत्तापण."

शिवणयंत्रावरचा पडदा घसरून खाली आला, तो उचलायलाही त्याचा हात पुढे होईना.

"काढून टाकतो. भांडतो त्यांच्याशी."

"नको. हसू देत पोरं. पण तिला एकदा तरी बो-बोलणं पुरं करू दे. त्या पं-पंपाशिवाय."

पण चित्रं पक्की झाली होती. सुरांना चित्राच्या मापात राहावं लागतं, एक श्वासही जास्तीचा मिळत नाही. मोकळी जागा होती ती शेवटी, काळ्या पडद्यावर नावं सरकतात तिथे. दिग्दर्शिकेनं ती दिली. त्यानं तिथे बाटली वाजवली : तीनदा अडखळून, श्वास घेऊन, मग सावकाश, संपेपर्यंत.

पहिल्या खेळाला ताई त्याच्या शेजारी बसली. आत्या आली की सगळं सभागृह हसायचं आणि तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायचा. ताई सपातांना हसली. चोच उघडली की हसली नाही.

नावं सरकायला लागली तशी लोक उठले. खुर्च्या धडाधड मिटल्या. कुणाच्या पोराचा एक बूट सापडेना. त्या गलक्यात आत्याचं बोलणं सुरू झालं. बूट सापडला, दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, तरी ते चालूच होतं. मान किंचित कलती करून ताई एकटी ऐकत होती. तिला बोलायला जागा दिली, तीही सगळे उठून जातात तेव्हाची, हे त्याचं मन खात राहिलं.

"ब-बरी झालीय," ती शेवटी म्हणाली. "जरा लांबलीय."

त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ती पायानं चप्पल शोधत होती. दाराशी अजून लोक अडकले होते.

"सावकाश ऊठ," तो म्हणाला. "गर्दी ओसरू दे आधी."