अप्पांचं ऐंशी टक्के पोट

ग्वाल्हेरातल्या आमच्या हरिशंकरपुरमच्या पार्कात सकाळी फिरणाऱ्या मंडळींचे किस्से सांगायला बसलं, तर उठायची सोय नाही! एक सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो. पण गेल्या हिवाळ्यातल्या तीन महिन्यांची सर कशालाच नाही.

सुरुवात झाली अप्पा माहूरकरांच्या शुगरपासून. अप्पा म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. गोडाचे भक्त, आणि सुईला इतके घाबरतात की माहूरकर काकू बटण लावायला बसल्या तरी खोलीतून उठतात. कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "मास्टर साहब, तीन महीने देता हूँ. शुगर नहीं उतरी तो रोज़ इंसुलिन!" अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हालाही फार वाईट वाटलं.

नेमकी तेव्हाच माझी भाची मृणाल जपानात दोन वर्षं नोकरी करून परतली होती. ती म्हणाली, "अप्पा, टेन्शन मत लो ना! तिकडचे म्हातारे कसले टुणटुणीत असतात! मतलब, पोट ऐंशी टक्के भरलं की थांबायचं. बस, इतनी सी बात!"

झालं! अप्पांच्या सोबतीला म्हणून आम्ही सगळेच जपानी झालो.

*

दुसऱ्याच दिवशी आमच्यातले भालेराव पार्कात छाती काढून आले. "काल ऐंशी टक्क्यांवर थांबलो! मोजून आठ पोळ्या!"

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही रोज सहाच खाता ना?"

"सहा खायचो, कारण बायको तेवढ्याच करायची. भूक दहाची आहे!"

*

मग मृणालने सांगितलं, की तिकडे ताट भरून वाढत नाहीत. छोट्या छोट्या वाट्यांतून थोडं थोडं खातात. काकूंना हे भलतंच पटलं. टोपी बाजारात जाऊन त्यांनी डझनभर चिमुकल्या वाट्या आणल्या आणि रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं.

पाहतो तर एका वाटीत श्रीखंड, दुसरीत शिरा, तिसरीत बासुंदी, चौथीत मूँग का हलवा! मृणालने कपाळावर हात मारला. "काकू, ये क्या है?"

"अगं, वाट्या बघ ना केवढ्याशा आहेत!"

*

चॉपस्टिक्सने सावकाश खाल्लं जातं, म्हणून अप्पांनी त्याही धरल्या. पोह्यांवर पाऊण तास झटापट चालली. शेंगदाणे उडून भालेरावांच्या चहात पडले. शेवटी अप्पा घाम पुसत म्हणाले, "भूक संपली, पोहे तसेच!"

*

जपानी माणूस सगळीकडे पायी जातो, हे ऐकून अप्पांनी स्कूटर झाकून ठेवली. पण ग्वाल्हेरात ओळखीच्या माणसाला पायी कोण जाऊ देतं? दर चौकात कोणीतरी ब्रेक मारायचं. "मास्टर साहब, बैठिए!" अप्पा हात जोडून नाही म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे.

संध्याकाळपर्यंत काकूंना चार फोन आले. "भाभीजी, मास्टर साहब नाराज़ हैं क्या? घर में सब ठीक तो है?"

*

तीन महिने असे गेले. सांगूनच टाकते, रिपोर्ट झकास आला! डॉक्टर म्हणाले, "सुई की ज़रूरत नहीं." आम्ही पार्कात टाळ्या वाजवल्या आणि मला चक्क रडू आलं. पण खरा किस्सा टेस्टच्या आदल्या दिवशीचा आहे.

अप्पांच्या पुतणीचं केळवण होतं. घरचीच पंगत, त्यात आम्ही पार्कातली मंडळीही, आणि वाढायला अक्का. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, पंच्याऐंशीची. घरातल्या कुठल्याही पंगतीत ती आजवर बसलेली नाही. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचं आणि शेवटी उरलंसुरलं एकटीने खायचं, हा तिचा नेम.

लाडवांचं ताट घेऊन ती अप्पांसमोर आली. अप्पांनी पानावर आडवा हात धरला. "अक्का, पुरे."

"माझ्या हातचा लाडू नको?"

"उद्या टेस्ट आहे गं. बिलकुल नको."

काकूंनी डोळे मिटले. पण अप्पांनी हात काढला नाही.

अक्काने ताट खाली ठेवलं. आता ही रुसून निघून जाणार, असं आम्हाला वाटलं. ती अप्पांच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर बसली. "मग ऊठ, मला वाढ."

अप्पा उठले. तिच्या पानात त्यांनी एक लाडू वाढला. अक्काने तो चवीने संपवला. अप्पा ताट घेऊन पुढच्या पानाकडे वळले, तशी ती कडाडली,

"अरे, चाललास कुठे? आग्रह कर की!"