मजुरीचा रकाना

सौंसरच्या समाजभवनात तीन दिवसांचं शिबिर होतं आणि त्याचं पत्रक मी लिहिलं होतं. बायकांनी मोबाइलवर मालाचा फोटो कसा काढायचा, ऑनलाइन पैसे कसे घ्यायचे, पाकिटावर काय छापायचं, किंमत कशी ठरवायची, हे सगळं त्यात होतं. शेवटची ओळ मात्र मला कोणी सांगितली नव्हती. ती मी आपल्या मनाने घातली: 'कोणाचाही घाम फुकट नाही.' छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा ती ओळ मी तिथेच उभं राहून दोनदा वाचली.

पांढुर्ण्याला आमच्या घरात डब्यांखाली वर्तमानपत्र नसे, पत्रकं असत. वडील शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ मजुरांच्या संघटनेला द्यायचे. वाटून उरलेले गठ्ठे घरी यायचे. अक्षरं जुळवायला मी त्यांवरच शिकले. त्यामुळे दुसरीत असताना मी आईकडे गुळशेंगदाणे मागत नसे, गुळशेंगदाण्यांची मागणी करत असे. मोठी झाल्यावर हे हसण्यावारी गेलं, पण त्या पत्रकांतलं एक मात्र माझ्यात पक्कं बसलं होतं. काम करणाऱ्याला दाम मिळत नसेल तर कुठेतरी कोणीतरी चोरी करतो आहे.

एका संस्थेने पांढुर्णा आणि सौंसरच्या शिबिरांसाठी मला ठेवलं. शिकवणारे सर भोपाळचे होते, हिंदीत बोलायचे. ते मी आपल्या बोलीत सांगायचं, हे माझं काम. सौंसरच्या शिबिरात मी सगळ्यात आधी नाव घातलं ते माझ्या आत्याचं.

आत्या, वडिलांची मोठी बहीण, लग्न होऊन सौंसरला गेली ती त्याच एका गल्लीत राहिली. तिला मूलबाळ नाही. तिचे यजमान, आमचे मामाजी, बोरगावला कारखान्यात कंत्राटावर होते, ते कंत्राट संपलं आणि ते घरी बसले. आत्याचं सांत्वन करायला लोक यायचे, पण तिला सांत्वन नको होतं. तिला आपलं काहीतरी सुरू करायचं होतं. तिच्या हातचे सरगुंडे आणि कुरड्या नात्यात नावाजलेल्या होत्या. सरगुंडे म्हणजे कणकेचा बारीक धागा काडीवर गुंडाळून काढलेली पोकळ वेटोळी. उन्हाळ्यात जावई आला की आमरसाबरोबर तीच लागतात.

आत्या हे एकटी करत नव्हती, आणि एकटीने ते होतही नाही. गल्लीत तिला धरून पाच बायका होत्या. वैशाखात आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असं करत पाचही घरांचं वर्षाचं वाळवण व्हायचं. कुठे याला सावड म्हणतात. आमच्या आत्याच्या गल्लीत याला काही नावच नव्हतं. पाचांत सगळ्यात जवळची समोरच्या घरची काकू. दोघी एकाच वर्षी त्या गल्लीत नवरी होऊन आल्या होत्या. काकू कुरड्यांचा चीक शिजवायची, आत्या गंज धरायची. भिजवलेल्या गव्हाचा तो पांढरा चीक आचेवर घट्ट होऊ लागला की दोन बायकांचं बळ लागतं, एक हटवायला, म्हणजे घोटत राहायला, आणि एक भांडं धरायला. काकू हटवताना आत्याला टोमणे मारायची. 'गंज धर वं, तुह्या नवऱ्यासारखा फिरून राहिला.' मामाजी ओट्यावर बसून हे ऐकायचे आणि न ऐकल्यासारखं करायचे.

चीक शिजला की सोऱ्यात भरण्याआधी पाचही जणींना एकेक वाटी मिळे, वर साखर आणि तेल. गरम असतानाच ती खायची. घरधनीण स्वतः सगळ्यात शेवटी घ्यायची. घेणंदेणं म्हणाल तर इतकंच.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येकीला एक छापील कागद दिला. कच्चा माल, इंधन, पाकीट, वाहतूक, नासाडी, मजुरी, असे रकाने होते. आत्याने गहू लिहिला, मीठ लिहिलं, सरपण लिहिलं. मजुरीचा रकाना कोरा ठेवला. मी विचारलं, मदतीला येतात त्यांना काय देतेस? तिला प्रश्नच कळला नाही.

'काय देतो? ते माह्या घरी येते, मी तिच्या घरी जातो.'

'पण आता तू विकणार ना? मग त्या तुझ्या मालासाठी राबणार.'

लोधीखेड्याहून आलेल्या दोघी-तिघी वळून आमच्याकडे बघायला लागल्या. मला तेवढं पुरलं. मी उभी राहिले आणि बोलले. बायकांचं काम घरात फुकट, शेतात अर्ध्या दामात, आणि आता धंद्यातही फुकट करून घेणार का, असं मी विचारलं. भवनात चांगल्याच टाळ्या पडल्या. सरांनी मान डोलावली. आत्याने खाली मान घालून रकान्यात चार बायका लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे दिवसाची मजुरी मांडली. मग सरांनी तिच्या कागदावर बोट ठेवून विचारलं, गहू एवढा आणि माल एवढा, मधला कुठे गेला? तिने चिकाच्या वाट्यांचं सांगितलं. सर हसले. ती नासाडी आहे, माताजी, असं म्हणाले. मी ते आपल्या बोलीत सांगितलं. आज वाटतं, एवढं तरी सांगायचं राहू दिलं असतं.

वैशाख लागला. मी आत्याच्या सरगुंड्यांचे आणि कुरड्यांचे फोटो काढून मोबाइलवर टाकले होते, त्यावर नागपूरहून मागणी आली. पहिल्या दिवशी चौघी नेहमीसारख्या पहाटे आल्या. मीही होते. चीक शिजला. आत्याचा हात वाट्यांकडे गेला आणि थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तो कागद होता. तिने वाट्या न काढता चीक सोऱ्यात भरायला घेतला. काकूने हात धुतले आणि बाजेवर धोतर अंथरायला गेली.

दुपारी बाज भरल्यावर आत्याने चौघींच्या हातात पाकिटं दिली. पाकिटं मीच आणली होती, पैसे उघड्यावर देणं अपमानाचं दिसतं म्हणून. तिघींनी घेतली, जरा लाजत. काकूने उघडून पाहिलं, बंद केलं आणि पदराने तोंड पुसत म्हणाली,

'मजूर पाहिजे होता तर नाक्यावर भेटते वं. मले कायले बलावलं?'

आत्या हसली. तिला ती थट्टा वाटली. मलाही वाटली. काकूने पाकीट कमरेला खोचलं आणि गेली.

चार दिवसांनी काकूच्या घरचं वाळवण होतं. आत्या पहाटेच काड्यांची जुडी घेऊन समोर गेली. दिवसभर काकू तिच्याशी गोड बोलली, एकही टोमणा न मारता, आणि आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं असं आत्या मला नंतर म्हणाली. चिकाच्या वाट्या निघाल्या नाहीत. दुपारी काकूने तेच पाकीट आत्यापुढे धरलं. तेच, कारण मी त्यावर कोपऱ्यात तारीख घातली होती.

'घे,' काकू म्हणाली. 'तुह्या कागदाच्या हिशोबानं. आता तुह्या-माह्यात काही बाकी नाई.'

आत्याने ते घेतलं. का घेतलंस, असं मी तिला रागाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, नाही घेतलं असतं तर तिनं मला फुकट राबवून घेतलं असं झालं असतं, तूच तर शिकवलं. टोमणा नव्हता तो. तिने मनापासून उत्तर दिलं होतं.

त्यानंतर गल्लीत कोणी कोणाच्या घरी गेलं नाही. भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. एकीने आपलं वाळवण विकतच आणलं. दोघी आत्याकडे कामाला यायच्या, घड्याळ बघून यायच्या आणि घड्याळ बघून उठायच्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्या कामगार होत्या आणि ती मालकीण होती. काकू आली नाही. तिच्या घरचे सरगुंडे त्या वर्षापासून बंदच झाले. संध्याकाळी दोघी आपापल्या ओट्यावर बसायच्या, एकमेकींकडे तोंड करून, कारण ओटेच तसे आहेत.

मी पांढुर्ण्याला आले तेव्हा वडिलांना हे सांगितलं. काकूच्या आडमुठेपणाबद्दल तावातावाने बोलले. कामाचे पैसे दिले यात अपमान कसला, पैसे नाकारणारी माणसंच फुकट राबवणाऱ्यांचे हात बळकट करतात, असं बरंच. वडील चष्मा पुसत ऐकत होते.

'बेटा, पत्रक मालकाच्या विरोधात काढतात,' ते म्हणाले. 'तिथं मालक कोण होता?'

मी म्हणाले, पण पुढे झाला असता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. मी त्यांच्याशी वाद घालत आले आहे तो मनातल्या मनात, सौंसरच्या बसमध्ये बसून, संत्र्यांच्या बागा मागे पडताना. अजूनही मला वाटतं की मी शिबिरात बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग ते तिथे का बोलले, याचं उत्तर मला देता येत नाही.

आत्याचा धंदा बुडाला नाही. बुडाला असता तर मला कदाचित सोपं गेलं असतं. पुढल्या वर्षी तिने शेवयांचं मशीन घेतलं आणि शेवया, पापड, मसाला असं विकायला लागली. बोरगावहून, लोधीखेड्याहून लोक येऊन घेऊन जात. पांढुर्ण्याच्या शिबिरात संस्थेने तिला मंचावर बसवलं, शाल दिली. सरांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक मी धरला होता. आत्या म्हणाली,

'सरगुंडे आता करत नाई मी. ते एकटीनं होत नाई. मशीनच्या शेवया करतो.'

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं की या ताईंनी आता कामात यंत्र आणलं आहे. टाळ्या पडल्या. आत्याला हिंदी समजते. तिने माझ्याकडे बघितलं नाही, शालीची नीट घडी करत राहिली.

काकू या वर्षी गेली. थंडीत छातीचं दुखणं झालं, नागपूरला नेलं, आणि तिथून गाडी परत आली. मी त्या आठवड्यात शिबिरासाठी सौंसरला आत्याकडेच होते. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या घरांतून जेवण जातं. आत्याने सकाळी वरण-भात शिजवला, भाकरी थापल्या. मामाजींनी मोठा डबा काढून दिला. आत्या नेहमी गिऱ्हाइकांना पापड पाठवायला वापरते तोच, घरात तेवढा मोठा दुसरा नव्हता. मी डबा उचलला आणि आम्ही दोघी समोर गेलो. आत बायका बसल्या होत्या. त्यांत गल्लीतल्या तिघीही होत्या.

काकूची सून दारात आली. मागच्या वर्षीच लग्न होऊन आलेली, चांगल्या स्वभावाची मुलगी. रडून रडून डोळे सुजले होते. तिने माझ्या हातातून डबा घेतला, आत ठेवला, परत आली. मग कमरेचा मोबाइल काढून, आतल्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिने आत्याला विचारलं,

'आत्याबाई, डब्याचे किती झाले? तुमचा नंबर आहे माझ्याकडे, टाकून देते.'

आत्या उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, एक पाय पुढे. तिने मान हलवली, काही नाही, असं. सुनेला वाटलं, नंतर सांगतील. ती आत वळली. आतल्या बायकांनी सरकून जागा केली होती, मला ती दिसत होती. आत्याने पुढचा पाय मागे घेतला.

गल्ली आठ-दहा पावलांची आहे. ती ओलांडताना आत्याने माझा हात धरला नाही. घरी येऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मी म्हणाले, मी परत जाते, त्या मुलीला समजावून सांगते की हे विकत नव्हतं, तुम्ही दोघी कोण होतात ते सांगते.

'राहू दे,' आत्या म्हणाली. 'तिचं काय चुकलं? तिनं आम्हाले संगं कधी पाह्यलंच नाई.'