सरकारी पाऊल

शेताच्या कोपऱ्यावर आलो की ते आधी चपला काढायचे. त्या बांधावर ठेवायच्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचायचं आणि माझ्याकडं न बघताच म्हणायचं, "बोला साहेब आकडा. पाऊल सरकारी हाय."

ते गावचे कोतवाल आणि मी तलाठी, नोकरीत अगदी कोवळा. निजाम जाऊन एक पिढी उलटली तरी ते मला पटवारीसाहेबच म्हणायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे. बौद्धवाड्यातली पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणू लागलो. गावातली जुनी माणसं नुसतं 'ए कोतवाल' अशी हाक मारायची. मी अहो-जाहो करायचो आणि त्याबद्दल स्वतःवरच खूष असायचो.

अंगातच माप असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मामांचं पाऊल अडीच फुटाचं. चढ असो, चिखल असो, त्यात बोटाचाही फरक नाही. लग्नाचा मांडव घालायचा तर आधी मामांना बोलवा. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उठले तरी मामा मध्ये चालून गेले की गप्प बसायचे. मी एकदा विचारलं, "मामा, मुरुडचा बाजार किती लांब?" तर म्हणाले, "रिकाम्या हातानं गेलं तर लई लांब हाय, साहेब."

त्यांचं खरं काम सुगीत असायचं. गावात पीक किती आलं हे ठरवायला सरकार एखाद्या शेताचा तुकडा कापून वजन करतं. तुकडा कुठला, ते आपल्या मनावर नसतं. वरून दोन आकडे येतात. कोपऱ्यापासून एवढी पावलं लांबीला, एवढी रुंदीला. शेवटचं पाऊल पडेल तिथं खुंटी ठोकायची आणि दोरी लावून कापायला घ्यायचं. त्या वजनावरून गावची पैसेवारी निघते. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळ. मग शेतसारा थांबतो, गावालगत खडी फोडायचं काम निघतं. पन्नासाच्या वर गेली तर गाव सुखी आहे असं धरतात.

शेतमालक मामांच्या मागं लागायचे. पाऊल जरा अलीकडं पाड, तिथं पीक हलकं आहे. मामा हसून चालत राहायचे.

त्या वर्षी आमचा जिल्हा नवा झाला होता. कचेरीच्या पाटीचा रंग ओला होता. नव्या जागा निघणार होत्या आणि तिथल्या एका खुर्चीवर माझा डोळा होता. पावसानं मात्र श्रावणातच पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आत करपली.

मामांची मुलगी तेव्हा दहावीला होती. बौद्धवाड्यातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. परीक्षेचा फॉर्म भरला त्या दिवशी मामांनी चावडीत सगळ्यांना गूळ वाटला होता. पण घरात दाणा नव्हता. खडीचं काम निघालं तर मामी तिथं जाणार आणि मुलगी शाळेत राहणार. नाही निघालं तर ऊसतोडीला कारखान्याकडं नेणारा ट्रक. मुकादम एकट्या बाईला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही, त्याला कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते. मग धाकट्या दोघांना सांभाळायला आणि भाकरी करायला मुलगीही जाणार. हे सगळं मला ठाऊक होतं.

कापणीच्या दिवशी आकडे आले, लांबीला बेचाळीस आणि रुंदीला सतरा. शेत सगळं राखेसारखं. फक्त ओढ्याकडच्या खोलगटात, पाणी साचल्यामुळं, घराएवढ्या जागेत छातीभर ज्वारी उभी होती. मामा बेचाळीस पावलं सरळ गेले, वळले, आणि सतराव्या पावलाला खोलगटाच्या अलीकडं भेगाळलेल्या जमिनीवर थांबले. मी मागं बघितलं. धुळीत अनवाणी पावलांचे शेवटचे ठसे एकमेकांना चिकटून पडले होते.

"मामा, पाऊल आखडलंय."

मालक मध्येच म्हणाला, "राहू द्या की साहेब. कोण बघायला येतंय?"

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेब, ह्या डबऱ्यातली ज्वारी म्हंजे गाव न्हाई. सगळं शिवार बघा की."

"नियम आहे मामा. पुन्हा मोजा."

ते कोपऱ्यावर परत गेले. पुन्हा बेचाळीस, पुन्हा सतरा. या वेळी पाऊल खोलगटाच्या मधोमध पडलं. खुंटी त्यांनीच ठोकली, विळाही त्यांनीच चालवला.

गावची पैसेवारी पन्नासाच्या वर गेली. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. शेजारच्या गावचा तलाठी शेतात गेलाच नव्हता. त्यानं चहा पिता पिता आकडे भरले, आणि ते गाव दुष्काळात बसलं.

ट्रक निघायच्या आदल्या सकाळी मामा चावडीवर आले. कोतवालकीचा बिल्ला, दोरी आणि चार खुंट्या त्यांनी टेबलावर ठेवल्या.

"पोरीला तरी ठेवा मामा. परीक्षा होईपर्यंत."

"कुणापाशी ठिवू?"

माझ्या तोंडून 'माझ्याकडे' निघालं नाही. घरात काय म्हणतील, गल्लीत काय म्हणतील, एवढंच मनात आलं. आज सांगतानाही लाज वाटते. मामांनी टेबलावरच्या खुंट्या सारख्या लावल्या. मग म्हणाले, "दुसऱ्यांदा मोजलं ते बरोबर हाय, साहेब. पर खरं पहिलंच होतं."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. कारखान्याकडंच कुठं तरी राहिले म्हणतात.

माघात गावोगावचे लोक तहसीलीवर जाऊन बसले आणि दुष्काळी गावांची सुधारलेली यादी निघाली. तिच्यात आमचं गाव होतं. ओढ्यापलीकडं खडीचं काम सुरू झालं. माझ्या हातात तोवर नव्या कचेरीतल्या नेमणुकीचा कागद आला होता. निघायच्या तयारीत असताना मुख्याध्यापक एक यादी घेऊन आले. दुष्काळी गावच्या मुलांना परीक्षेची फी माफ, त्यावर तलाठ्याची सही हवी होती. तिसरं नाव मामांच्या मुलीचं होतं.

"ही तर गावात नाही," मी म्हणालो.

"फॉर्म दसऱ्याआधीच भरलेला आहे ना. नियमानं तिचीही फी माफ होते."

मी सही केली.