वसंताची अर्धी शिष्यवृत्ती

मंडळी, माझा भाचा वसंता याला राज्यशास्त्रात एम.ए. करायला अर्धी शिष्यवृत्ती मंजूर झाली. थोरल्या पातीच्या, म्हणजे राजघराण्याच्या थोरल्या शाखेच्या, दिवाणसाहेबांनी आज दुपारी स्वतःच सांगितलं.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, "राज्य म्हणजे काय रे?"

वसंता पुस्तकातलं बोलला, "एका मुलखावर एकच सत्ता."

दिवाणसाहेबांनी खिडकी उघडली. "आपल्या देवासात राजे दोन. रस्त्याच्या या बाजूला आपले, त्या बाजूला धाकट्या पातीचे. मग खरं राज्य कोणतं?"

मी मागच्या खुर्चीवरून वसंताकडे बघितलं.

वसंता म्हणाला, "साहेब, राज्य हेच. समोर नुसता शेजार."

दिवाणसाहेब खो खो हसले आणि सही केली.

उरलेली अर्धी मागायला उद्या समोरच्या दिवाणांपुढे उभं राहायचंय. आजचं उत्तर तिकडे पोचलंसुद्धा म्हणे. आता तिथे त्यानं काय सांगावं, भियांनो?