गोडी छाटणी

दुपारचे अडीच. जेवण उरकलंय, वीज गेलीय, आणि सिंधू ढिकले शेडमधल्या क्रेटांना पाठ टेकून "पाचच मिनिटं" म्हणत डोळे मिटते. पाच मिनिटांची झोप आजवर कुणाची पाच मिनिटांत संपलेली नाही, पण म्हणायची आपली एक पद्धत. मांडीवर व्हर्मेंटिनो या वाइनच्या द्राक्षाचा घड आहे, एकही मणी न तोडलेला. तोडणी आज लावायची की आणखी तीन दिवस थांबायचं, हे चारच्या आत वायनरीला कळवायचं आहे.

बाहेर पानं सळसळतात. मग ती सळसळ पाण्यासारखी वाजायला लागते.

समोरच्या ओळीतून एफिझिओकाका येतात. इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचा हा म्हातारा. दहा वर्षांपूर्वी ही वेल त्यांनीच इथे दिंडोरीत आणून लावली, सिंधूला हाताला धरून शिकवली. गेल्या दिवाळीत ते तिकडेच वारले. सिंधूला हे झोपेतही पक्कं ठाऊक आहे, पण तोंडावर म्हणायचं कसं? जिवंतपणी त्यांचं मराठी दहा-वीस शब्दांचं. आज मात्र अस्सल दिंडोरीचं.

"काय गं सिंधू, घाबरली का काय?"

"घाबरू नको तर काय करू? मागच्या साली तुम्ही आजारी, फोन लागंना. मी आपली साखर भरायची वाट बघत बसले. वाइन पार मिळमिळीत झाली. औंदा हुकलं तर आमचे हे या वेली तोडून खायची थॉमसन द्राक्षं लावणारेत."

ढिकल्यांच्या तीन पिढ्या खायच्या द्राक्षांत गेल्या. गोडी भरेपर्यंत थांबायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं.

काका हसतात. "ऑक्टोबरात छाटणी करता, तिचं नाव काय?"

"गोडी छाटणी."

हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा काकांनी आनंदाने टाळ्या पिटल्या होत्या. गोडी छाटून टाकायची, असा अर्थ त्यांनी लावला होता! गोडी यावी म्हणून करतात हो ती, असं सगळ्यांनी समजावलं. काका हटले नाहीत. या वेलीला माझाच अर्थ लागू, म्हणाले.

बोलत बोलत दोघं ओळीच्या टोकाला पोचतात. तिथे शेततळं असायला हवं. त्याचा निळा प्लास्टिकचा कागद काठावर दिसतोही, पण पलीकडचा बांध नाही. नुसतं पाणीच पाणी, आणि ओठांवर खारट वारा.

"आमच्याकडं ही वाइन माशाबरोबर पितात," काका म्हणतात. "खारट वाऱ्यात वाढलेली, शेवटाला कडू बदामासारखी चव ठेवणारी. नुसती गोड झाली तर तिचं गाव हरवतं."

"आमच्या दिंडोरीत कुठला आलाय समुद्र?"

"तुझं नाव काय?"

सिंधूला हसू फुटतं, आणि हसता हसता डोळे भरतात.

"मग आज तोडू?"

"मला कशाला विचारती? बी चावून बघ. बी पिकली की घड पिकला."

ते मांडीवरच्याच घडातला एक मणी तिच्या हातावर ठेवतात. घड इथे कसा आला, हे तिला उमगत नाही. ती मणी तोंडात टाकते. आंबट, मग थोडा गोड, मग दाताखाली बी कटकन फुटते.

"काका, तुमच्यामुळं ही बाग. एकदा तरी आभार मानायचे राहून गेले."

"घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, असं तूच शिकवलं ना मला?"

"हो."

"मग?"

पंखा गरगरतो. वीज आलीय. सिंधू डोळे उघडते तेव्हा दारात तिचा नवरा शांताराम साखर मोजायचं मीटर घेऊन उभा आहे.

"अजून कमीच दाखवतंय. थांबायचं ना?"

सिंधू मांडीकडे बघते. घडातला एक मणी गेलेला. जिभेवर बारीकसा कडवटपणा. ती मूठ उघडते. तळहातावर चावून दुभंगलेली बी आहे, हिरवेपणा जाऊन भाजल्या दाण्यासारखी तांबूस झालेली. पिकलेली.

"नाही," ती म्हणते. "औंदा गोडी छाटायची."

"म्हणजे?"

"क्रेट उचला," सिंधू म्हणते, आणि बी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवते.